गाद्या

आमच्या गावात गादी म्हटलं
की माणसं नव्या राजवाड्याकडं बघतात.
आमच्या घरात गादी म्हणजे
लोकरीवर ताणून बसवलेली कातड्याची चकती.
चपलेच्या वेणीसाठी आणलेल्या शेळीच्या कातड्यातली
उरलेली पट्टी घेऊन
माझा बाप, दौलू व्हटकर,
सुभाषनगरच्या पत्र्याखाली
बाबालाल नदाफांच्या सॅक्सोफोनला
गाद्या बसवायचा.
रुपयाएवढी, आठाण्याएवढी, बोराएवढी.
एक दुसरीसारखी नाही.

बाबालाल तोवर उंबऱ्यावर बसून बोलायचे.
लग्नसराई संपली की बोलायला खूप असायचं,
त्यातलं निम्मं
टाकाळ्यावरच्या मेनेझिस मास्तरांकडून उसनं.

हे वाद्य म्हणे बेल्जमच्या एका कारागिराचं.
अंग पितळेचं, जीभ वेताची.
थेटरातल्या वाजपात बसायला गेलं
तर पितळवाले म्हणाले, तुझी जीभ बघ.
लाकडवाले म्हणाले, तुझं अंग बघ.
पंगत तशीच जेवून उठली.

"मग गेलं कुठं?" बापानं विचारलं,
दोरा दातांत धरून.
"पलटणीत. उन्हात, घोड्यांच्या मागं.
आपल्यासारखंच की."

कारागिरावर धंदेवाल्यांनी खटले घातले.
दिवाळं निघालं, तेही एकदा नव्हे.
इथं बाप मान हलवायचा.
एवढं त्याला मास्तरांशिवाय कळायचं.

आणि मग ते तिसऱ्या अंकाचं.
तिकडं अख्खं नाटक गाऊन करतात,
चहा मागायचा तोही गाऊन.
एका नाटकात बाई एकटी, नाताळची आदली सांज,
पुढ्यात कुणाची तरी जुनी पत्रं.
तिला रडायचंय.
लिहिणाऱ्यानं व्हायोलिनला विचारलं, बासरीला विचारलं,
रडणं फार शहाणं येत होतं.
तेव्हा पलटणीत माणूस धाडला:
त्या पितळीला बोलवा, तेवढ्यापुरतं.

व्हायोलिनला विचारल्याचं मास्तरांनी सांगितलं
की बाबालालनी घुसडलं,
मला आजही ठाऊक नाही.

आमच्याकडचा तिसरा अंक पुढं कधीतरी आला.
वकील सामानगडकरांनी संगीत नाटक बसवलं होतं,
ऑर्गन होता, तबला होता,
आणि एका पत्राच्या जागी त्यांचं काही केल्या भागेना.
खासबागेच्या बाजूच्या दारानं
बाबालालना आत घेतलं, बँडाचा कोट काढायला लावून.
मी दहा वर्षांची, सोबत.
पिशवीत लाख, मेणबत्ती, चार जादा गाद्या.

अडीच अंक ते विंगेत उभे राहिले.
पडद्याच्या दोरांशेजारी,
वेताची जीभ तोंडात ओली ठेवून,
बोटं न वाजवता चालवत.
माझे पाय दुखले म्हणून मी पेटीवर बसले.

मग पत्र उघडलं.
वरातीत रोज लागते ती घाई
त्यांनी पायताणासारखी बाहेर काढून ठेवली होती.
पटदीप होता, असं नंतर कोण कोण म्हणालं.
मला एवढंच आठवतं
की खाली उतरताना एका सुरापाशी ते थांबले
आणि मी तिथली गादी ओळखली:
कडेला सुईचा डाग असलेली,
बापाचं बोट टोचलं होतं त्या दिवशीची.
समोर काळोखात नऊशे माणसं
आणि कुणी खोकलं नाही.

मिनिटभर असेल. दीड.
पडद्याआधीच आम्ही बाहेर होतो,
कोट पुन्हा अंगावर.
नमस्काराला रांगेत किती जण उभे राहिले
ते रस्त्यावरून दिसत नव्हतं.

बाप जागा होता.
कसं झालं, हे त्यानं विचारलं नाही.
"बसाय खुर्ची दिली काय गा?"
"न्हाई. च्या दिला. दोनदा."

बापानं सॅक्सोफोन मांडीवर घेतला,
एकेक झाकण अंगठ्यानं दाबत गेला
आणि खालून तिसऱ्यावर थांबला.
"ही सुटाय लागलीया. उद्या वरात कुठं?"
"राजारामपुरी. अकरावी गल्ली."

मी मेणबत्ती पेटवली.
लाखेचा वास घरभर झाला.