बाईंची वही

कुताइसीच्या बाजारात, रिओनीच्या पुलाकडे,
जिन्याखाली माझं दुकान: एक टेबल, एक भिंग,
फुटक्या काचांनी भरलेला बिस्किटांचा डबा.
नाझिब्रोला बाई आल्या तेव्हा वीज गेली होती.
आधी त्यांनी ओले बूट पुसले,
मग पिशवीतून फोन काढला,
आणि एक वही.

शाळेत त्यांनी मला रसायनशास्त्रात दोनदा नापास केलं.
तो विषय आम्ही दोघंही काढत नाही.

"मालखाज, हा झाडू बघ."
स्क्रीनवर निळं वर्तुळ, आत फिरणारा बाण,
खाली ठळक अक्षरांत:
कचरा सापडला. आत्ताच्या आत्ता साफ करा.
बाटुमीच्या बहिणीने सुचवलेलं ॲप.
फोन भरला होता, तिची फुलं उतरेनात.

मी म्हणालो, असले झाडू घरात घेऊ नयेत, बाई.
केर काढायला आलेला माणूस
किल्ल्यांचा जुडगा कशाला मागतो?
ओळखीच्यांची यादी कशाला?
तुम्ही कुठे जाता येता, त्याच्याशी केराचा काय संबंध?

"हे झालं मत," बाई म्हणाल्या,
आणि वही उघडली.

सोमवार, सकाळी नऊ: दोन पूर्णांक चार जीबी. साफ केला.
सोमवार, नऊ वाजून चार मिनिटं: एक पूर्णांक एक.
(मधल्या वेळात फक्त चहा गाळला.)
मंगळवार: जाहिराती सात, पैकी एक गुडघेदुखीची.
शेरा: माझे गुडघे दुखतात हे याला कोणी सांगितलं?
बुधवारी रात्री फ्लाइट मोडवर टाकून
फोन लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवला,
झाकण घट्ट.
गुरुवारी उघडला: आठशे एमबी.

त्याखाली लाल रेघ, आणि त्यांचं ते उभट अक्षर:
बंद भांड्यात वस्तुमान वाढत नाही.
वाढलेलं दिसलं, तर काटा खोटा.

वीज आली.
मी सेटिंगमध्ये जाऊन दाखवलं,
जागा कोणी खाल्ली ते फोन स्वतःच सांगतो,
फुकट, बिनबोभाट.
कचरा फारसा नव्हताच.
एक व्हिडिओ होता, सत्तेचाळीस मिनिटांचा:
नातवाच्या नाचाला शूटिंग सुरू करून
बाईंनी फोन पर्समध्ये टाकलेला.
सगळा काळोख, ढोल, टाळ्या,
मधेच बाईंचा दबका आवाज,
"उचा, बाहीचं बटण! बटण!"

"हा काढू?"
बाईंनी माझंच भिंग उचललं
आणि त्यातून माझ्याकडे पाहिलं.
मी बोट मागे घेतलं.

मग खुर्ची ओढून त्या स्वतःच बसल्या.
गॅसच्या मीटरचे ऐंशी फोटो, एकेक वाचून काढले.
बहिणीची सुप्रभात फुलं निम्मी ठेवली.
"सगळी काढली तर तिला कळेल."
कसं कळेल, ते मी विचारलं नाही.
बाहेर दिवे लागले.
झाडू सगळ्यात शेवटी काढला.
जाता जाता त्याने विचारलं, खात्री आहे?
"आहे," बाई मोठ्याने म्हणाल्या,
मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा.

पैसे नको म्हटलं.
दोन लारी डब्याखाली सरकवून गेल्या.

शटर ओढून मी माझा फोन काढला.
कबूल करतो, तोच झाडू माझ्याकडेही आहे.
काटा खोटा, हे मला बाईंच्या आधीपासून ठाऊक,
पण ते वर्तुळ फिरतं, आकडा उतरत जातो,
आणि दिवसभर लोकांच्या काचा वेचल्यावर
काहीतरी शून्य होताना बघायला मिळतं.

आजही झालं. शून्य.
जिना चढून रस्त्यावर येईपर्यंत
पुन्हा तीनशे.