दोन्हीकडे सारखी

वाटणीत डावा स्पीकर झ्देन्काला गेला,
उजवा मला.
रेकॉर्डी तिच्याकडे, ॲम्प्लिफायर माझ्याकडे.
वकिलाने यादीत लिहिलं: ध्वनिपेट्या, अक्रोडी लाकूड, नग दोन, समान.
त्यावर आम्ही दोघांनी सह्या केल्या.

अकरा वर्षं मी रेडिओ अर्धाच ऐकला.
व्हायोलिनं बहुतेक तिच्या बाजूला असायची,
माझ्या वाट्याला चेलो, आणि खोकणारे प्रेक्षक.
तिने डाव्यावर जेरेनियमची कुंडी ठेवली होती.

आज ती प्तुयहून आली.
मागच्या सीटवर स्पीकर, पट्टा लावून,
शाळेतून आणलेल्या पोरासारखा.
"तुझ्याकडेच ठेव. माझं नवं घर लहान आहे."
घर लहान नाही. मी विचारलं नाही.

मारिबोरच्या काचेच्या दुकानात
एका तरुणाने केबल मखमलीवर ठेवून दाखवली:
कात टाकलेल्या सापासारखी विणलेली,
वर चांदीचा मुलामा, आणि एक छोटा बाण,
वीज कुठल्या दिशेने जावी ते विजेला कळावं म्हणून.
किंमत पाहून झ्देन्काने चष्मा काढला, पुसला, परत घातला.
किंमत तीच होती.
"फरक ऐकू येतो?"
"तो अनुभवावा लागतो, मॅडम."

बाबांनी रेल्वेत चाळीस वर्षं सिग्नलच्या तारा जोडल्या.
म्हणायचे, तांबं बिचारं तांब्यासारखंच वागतं,
खोटं बोलतो तो सांधा.

मग ग्राडिश्निककडे गेलो.
रंगाचे डबे, खिळे, उंदरांचे सापळे,
आणि कोपऱ्यात रीळ: अडीच चौरस मिलिमीटर, साधं तांबं.
"किती कापू?"
उजवा ॲम्प्लिफायरला खेटून, त्याला दीड मीटर पुरे.
डावा खिडकीपाशी, त्याला चार.
मी म्हणालो, साडेपाच.
झ्देन्का म्हणाली, आठ. दोन्हीकडे सारखी.
नाताळचा अक्रोडाचा रोल बाबा दोऱ्याने मोजून कापायचे,
अगदी त्याच आवाजात.
"एवढ्या-तेवढ्याने फरक पडत नाही गं."
"पडतो," म्हणाली, आणि पैसे देऊन मोकळी झाली.

तार सोलायचा चिमटा तिच्या यादीत होता.
तिने तो पर्समधून काढला.
मी टोकं वळली, वात वळावी तशी,
तरी केसाएवढा एक तंतू बाहेर राहिला,
काळ्यातून निघून लालला शिवला.
ॲम्प्लिफायर टक् करून गप्प झाला.
"तू अजून तसाच," ती म्हणाली.
कितीतरी दिवसांनी हसली.

पुन्हा जोडलं. रेकॉर्ड लावली:
रेल्वे कामगारांचं गायकवृंद, तिसऱ्या रांगेत बाबा.
आवाज आला, पण पोकळ.
खर्ज कुणी धुऊन नेल्यासारखा.
खोलीभर गाणं, आणि गाणारा कुठेच नाही.

डाव्याचं लाल बटण तिच्या खिडकीतल्या उन्हात
विटून काळपट झालं होतं.
एक पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता.
बिघडलेला कुणीच नव्हता. फक्त एकमेकांना खोडत होते.

ती गुडघे टेकून मागे शिरली, कमरेला हात लावत,
दोन तारांची अदलाबदल केली, मळसूत्र आवळलं.

आधी फरशीला कळलं.
मग तळव्यांना.
मग दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये,
जिथे नुसता भिंतीचा कागद आहे, तोही उललेला,
तिथे माणसं येऊन उभी राहिली.
आम्ही दोघं तिकडेच बघत बसलो.

"तो बघ. तो जरा मागून येणारा, ते बाबा."
"छे, तो तिकीट तपासनीस लोय्झे."
"बाबाच."
"लोय्झे गं. बाबा नेहमी घाई करायचे."
बाजू संपेपर्यंत वाद चालला,
म्हणून ती बाजू परत लावली.

उरलेली अडीच मीटर कपाटामागे आहे.
गुंडाळू नकोस, म्हणाली, सैल सोड.
तशीच सोडली आहे, धूळ बसेल.

ती निघाली तेव्हा चिमटा टेबलावर राहिला.
गाडी सुरू झाली, कोपऱ्यावर दिवे लागले.
मी हाक मारली नाही.