स्प्रिंग नसलेली झडप

ओमारूत लोक मला हिशेबासाठी ओळखतात.
मार्च संपता संपता मेंढ्यावाले येतात,
बुटांच्या खोक्यात वर्षभराच्या पावत्या कोंबून,
आणि मी चष्म्यावरून बघत सांगते :
हा ट्रॅक्टर काढून टाका.
ही बोट तर मागच्याच वर्षी विकायला हवी होती.
ते मान डोलावतात.
खिडकीबाहेर माझी लाल डुकाटी उभी असते
आणि तिच्या पोटाखाली, पुठ्ठ्यावर,
तेलाचा एक थेंब सावकाश गोल होत असतो.

तिचीही वही आहे, निळी.
दर दोन वर्षांनी पट्टे. रबराचे, हातभर,
किंमत मात्र गळ्यात घालायच्या वस्तूची.
रेग्युलेटर तीनदा. तिसऱ्यांदा रॅनफर्लीच्या अलीकडे
जळका वास आला, तरी मी थांबले नाही.
उतार होता. म्हटलं, जाईल तितकं जाऊ.
सिलिंडरचा एक स्टड तर गॅरेजमध्ये तुटला,
रात्री, एकटाच, कुणी हातही लावला नसताना.
कोरडा क्लच सिग्नलला खुळखुळतो :
बोल्टांची बरणी घेऊन कुणी जिना उतरतंय.
बेरीज मी पेन्सिलीने करते
आणि पान उलटण्याआधी खोडते.

माझा भाऊ लॅकलन जपानी गाडी चालवतो.
बटण दाबतो, निघतो, पोचतो.
म्हणाला, आयल्सा, विकतचं दुखणं आहे हे.
म्हटलं, विकतचं आहे म्हणून तर माझं आहे.
बाकीची वारशाने आली.

तिमारूच्या वीबे टर्पस्ट्राने
पहिल्याच वर्षी मला इंजिन उघडून दाखवलं होतं.
बाकीच्यांच्यात, तो म्हणाला,
झडप उघडावी लागते, मिटते ती आपसूक,
स्प्रिंग असते ना.
हिच्यात स्प्रिंग नाही.
उघडायला एक दांडा, मिटायला दुसरा.
मिटणंसुद्धा हिला करावं लागतं.

मी तेव्हा एक दार उघडंच टाकून आले होते,
लागेल आपोआप, या भरवशावर.
त्याला हे ठाऊक नव्हतं. तो नुसता
झडपेबद्दल बोलत होता.

आता वीबेच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
ऑपरेशनची तारीख पुढे, पुन्हा पुढे.
जुलैत तो बसने आला, मांडीवर तंबाखूचा डबा.
डब्यात चकत्या, एकेका खणात एकेक जाडी,
वर सीट्स्केच्या अक्षरात आकडे, मिलिमीटरचे शंभरावे भाग.
बायको गेली त्याला सहा वर्षं झाली.
म्हणाला, मी ऐकतो, तू हात घाल.

बाहेर समुद्रावरून येणारी थंडी.
मी टाकी उतरवली, पट्टे सोडवले,
चिमटीत धरली ती अर्धी कडी,
तारेची, भाताच्या शितापेक्षा हलकी,
आणि ती गेली.

कुठे गेली? इंजिनात गेली असेल
तर निळ्या वहीला पुरवणी जोडावी लागेल.
मी चुंबक फिरवला, शिव्या दिल्या,
गुडघ्यांवर बसून फरशी चाचपली.
वीबे स्टुलावर, डोळे मिटून. मग म्हणाला,
टिंग नाही झालं. टक् झालं.
म्हणजे लाकूड. बाकाखाली बघ.

बाकाखाली होती.

मध्यरात्री गाडी सुरू झाली,
पत्रे थरथरले, शेजारच्या खोलीतला दिवा लागला.
मी वही काढली, पेन काढलं, पेन्सिल नाही,
आणि लिहिलं : अर्धी कडी, एक. हरवली. सापडली.
रकान्यात काय भरायचं ते सुचेना.

वीबेने मान तिरकी केली.
मागचा सिलिंडर अजून बोलतोय, तो म्हणाला.
कमी बोलतोय, मी म्हटलं. उद्या बघू?
तो काही बोलला नाही. बसची वेळही विचारली नाही.
मी गाडी बंद केली
आणि निवायची वाट बघत
दोन कपांत चहा ओतला.