अंतिम वापर

रकाना अकरा:
मालाचा अंतिम वापर कोण करणार, कुठे, कशासाठी?
साकीनाक्याच्या पोटमाळ्यावर
मी पेनाचं टोपण चावत बसलोय.
खाली बाबू गुरव झडपेचं तोंड घासतोय.
घासून झालं की कानाशी नेतो,
बाजारात नारळ पारखावा तशी.
"गळायची नाही," म्हणतो. "वारासुद्धा."

सहारच्या कार्गोत चाळीस खोकी अडकलीत,
आज अकरावा दिवस.
टिपणीसबाईंनी एक फोडलं,
झडप तळहातावर जोखली,
"निकेल किती?" विचारलं.
मी आकडा सांगितला.
त्यांनी यादीवर बोट ठेवलं, बराच वेळ उचललं नाही.
"हिच्यातून औषध जातं,
आणि ते दुसरंही."
दुसरं काय, ते बोलल्या नाहीत.
चहा मात्र मागवला, माझ्यासाठीही.

दगा आपल्या शब्दातच आहे म्हणा.
झडप बसवता येते,
झडप घालताही येते.

गिऱ्हाइकाचं पत्र झकास आहे.
जाड कागद, उठावाचा शिक्का:
आम्ही तापाची औषधं करतो.
खाली कारखान्याचा म्हणून फोन नंबर.
काल तीनदा लावला.
तिसऱ्यांदा एका पोरानं उचलला,
त्याच्या भाषेत काहीतरी विचारलं,
मी माझ्या इंग्रजीत.
मग रिसीव्हर तसाच ठेवून ते पळालं.
मागं भांडी घासल्याचा आवाज,
बाई कुणाला तरी रागावत होती.
मिनिटभर ऐकत राहिलो,
परदेशी कॉल, मीटर चालू.

फरेदून शेठ जिन्यातून ओरडतात,
"अरे, लिही नी, औषध! पत्रात लिवलाय ने?
बोनस काय आभाळातून पडेल?"
खोटं नाही ते.
बाबूच्या मुलीची फी त्यातच आहे,
माझा दातही.

बाबू वर आला, हात पुसत.
"लांब जाणार का हो या?"
"जहाजानं नाही, विमानानं," मी म्हणालो.
त्यानं ते विचारलं नव्हतं, मला कळलं.
त्यालाही कळलं असावं.
तारीख घातली. सही केली. शिक्का मारला, जरा तिरका.
रकाना अकरा तसाच.

पंख्यानं फॉर्म उडायला लागला
तेव्हा बाबूनं खिशातून एक बाद झडप काढली,
केसाएवढी चीर गेलेली,
कागदावर ठेवली.

हा वापर मला माहीत आहे.