अठरा भोकं

अलाबामातल्या कोल्टर स्प्रिंगला मी दुसऱ्यांदा आले
तेव्हा मोज्यांच्या गिरणीच्या जागी तळं होतं,
आणि तळ्याभोवती इतकं गुळगुळीत गवत
की चपला काढाव्याशा वाटल्या.

पहिल्यांदा आले होते नऊ वर्षांपूर्वी,
राज्य सरकारच्या गाडीतून, हातात तक्ता घेऊन.
शिक्षकांच्या पेन्शनफंडातले चार कोटी डॉलर
इथल्या लाल मातीत पेरावेत का,
एवढंच सांगायचं होतं मला.
मी लिहिलं, पेरावेत.
लिहिलं, एका डॉलरमागे गावाला दोन डॉलर ऐंशी सेंट.
ते ऐंशी सेंट कुठून आणले
आज विचाराल तर सांगता येणार नाही.
साहेबांना पुरते तीन हवे होते.
मी घासाघीस केली, मंडईत करावी तशी.

गिरणी बंद होऊन तेव्हा दोन हिवाळे झालेले.
अर्लीन टिडमोर मला आत घेऊन गेली.
एकतीस वर्षं तिचं काम एकच:
मोज्यात मूठ घालायची, दिव्यासमोर धरायची,
भोक दिसलं की मोजा पिंपात.
मिनिटाला चौदा.
"आणि आता तुम्ही म्हणता," ती म्हणाली,
"अठरा भोकं पाडली की गाव तरेल?"
मी हसले. तक्त्यात हसण्याला रकाना नव्हता.

रात्री फोनवर वडिलांना सांगितलं,
सरकार गोल्फमध्ये पैसे घालतंय.
सहकारी बँकेत हयात गेलेली त्यांची.
म्हणाले, म्हणजे अगदी मोजून मापून खड्ड्यात.

खोटं कशाला बोलू, सगळंच काही बुडालं नाही.
एप्रिलमध्ये ओहायोहून, मिशिगनहून माणसं येतात,
दोन्ही मोटेलांवर 'जागा नाही'ची पाटी लागते.
अर्लीनचा नातू ब्रँटली पहाटे साडेचारला
लांब वेताने हिरवळीवरचं दव झटकतो.
मग कालचं भोक बुजवायचं,
चार हात सरकून आजचं पाडायचं.
बुजवल्या जागी सांधा दिसता कामा नये.

जुलैत मात्र कोणी फिरकत नाही.
झेंडेसुद्धा मान टाकतात, फवारे तेवढे चालू.
हॉटेल निम्मं बांधून राहिलं,
उरलेल्या खांबांवर कुडझूचा वेल चढलाय.
तोही म्हणे एकेकाळी सरकारनेच वाटला होता,
जमीन धुपू नये म्हणून.

अर्लीन आता दुकानात असते.
टोप्या, चेंडू, हातमोजे. तासाला साडेनऊ डॉलर.
गिरणीत चौदा मिळायचे. हे तिने नाही सांगितलं,
माझ्याच तक्त्यात आहे.
तिची बहीण निवृत्त मास्तरीण,
पेन्शन एक तारखेला येते अजून.
"गवत भरतं की आणखी कोण,
आम्ही विचारायला जात नाही."

मी मोज्यांची एक जोडी उचलली.
घोट्यावर झेंड्याची नक्षी, किंमत अठरा डॉलर,
विणलेली होंडुरासमध्ये.
अर्लीनने ती माझ्या हातातून घेतली,
मूठ आत घातली, खिडकीकडे धरली.
बराच वेळ धरली.
मग घडी घालून बाजूला ठेवली
आणि खालची दुसरी काढून दिली.
"ही घे."

मोटेलच्या खोलीत, टेबलावरच्या दिव्यासमोर,
मीही मूठ घालून पाहिली.
मला काही दिसलं नाही.
पण मला कुठे ते काम येत होतं.