हाका

शिमगा दहा दिवसांवर, आणि सभामंडपात
विषय एकच : यंदा पारध करायची की नाही.
खालूबाजाचे ढोल खांबाला टेकलेले.
फॉरेस्टचा गार्ड चहा पिऊन मघाशीच गेला,
आपण काही ऐकलं नाही, असं सगळ्यांना ऐकवून.

धाकू घवाळी उभा राहिला तो कलिंगड घेऊनच.
एका अंगाने गोल, दुसऱ्या अंगाने कोरलेलं,
जसं पोराने चमच्याने खाल्लंय.
"कोल्हा काकडीला राजी म्हंतात. ह्यो कुठं राजी झालाय?
एका रातीत चाळीस फोडलान्, खाल्लान् चार.
भुकेनं खाल्लान् आसता तर मी बोल्लो नसतो."

शमीम मुकादम सभेला आली नाही.
पिशवीभर पिसं पाठवून दिली तिने, धुतलेली.

तारामती जाक्कर मागून म्हणाली, उंदीर कोण खातो मग?
कणग्यांना भोकं पडली ते वर्ष विसरलात?
कुणीतरी खोकलं. विसरले नव्हते.
आणि राऊ भुवड, ज्यांच्या ठासणीला गावात सगळे भितात,
तंबाखू मळत हळूच म्हणाले,
"डुक्कर मारायचा तो वाट्यासाठी. कोल्हा खातो कोण?
कोल्हा मारायचा तो
हाताची सवय जाऊ नये म्हणून."
ते बाजूने बोलले की विरोधात, कळलं नाही.
बहुतेक त्यांनाही.

मग माना माझ्याकडे वळल्या. मी कासवं राखतो,
थंडीपासून आंबा उतरेपर्यंत, जाळीच्या कुंपणाशी, रात्रपाळी.
"तू सांग. तुझं तर रोजचं गिऱ्हाईक."
खरंय. परवाच्या घरट्यात शंभरावर अंडी असणार,
उचलून कुंपणात आणायला मी अर्धा तास चुकलो.
वाळूवर उरली टरफलं, ओल्या कागदासारखी,
आणि पावलं. एका ओळीत. घाई नसलेली.

मी म्हणायला हवं होतं, मारा.
पण जिभेवर बाप आला.
ह्याच पुळणीवर काठी खुपशीत चालायचा तो,
टोक ओलं निघालं की गुडघ्यावर बसायचा,
आणि भरली टोपली दापोलीच्या बाजारात.
माझी पहिली चप्पल, बहिणीच्या कानातलं,
शाळेची फी, सगळं त्या पांढऱ्या गोळ्यांचं.
त्याच्यावर कुणी हाका घातला नाही.

हे मी बोललो नाही. म्हटलं, बघू.
ठरलं काहीच नाही. म्हणजे ठरलंच :
ज्यांच्याकडे बंदुका आहेत ते पुसायला काढतील.

त्या रात्री ओहोटी लागताना ती आली.
मादी. तीन पायांवर.
चौथ्यात मोटारसायकलच्या क्लचची तार, फाशाची,
तुटकं टोक वाळूत रेघ ओढत मागून.
सड दुधाने भरलेले.
कुर्ली फोडत होती दाढेखाली,
नाक मात्र कुंपणाकडे.

बॅटरी पेटवली, तशी तिने वर पाहिलं,
आणि माझ्या गळ्यातून आपोआप निघाला तो आवाज,
ह्योऽऽ हुर्र ह्योऽ,
ज्याने आम्ही पोरं डबे बडवत
रान झाडून काढायचो बंदुकांच्या अंगाला.
तीस वर्षं आत बसून होता. गंजलाही नव्हता.

ती लगेच पळाली नाही. कुर्ली उचलली आधी.
मग खाजणात शिरली, कांदळवनात, रेघेसकट.
पलीकडे कुणी बसलंय की नाही, मला माहीत नव्हतं.
मी बॅटरी विझवून उभा राहिलो.
बार होईल, आता होईल.
लाटा तेवढ्या ऐकू येत होत्या, आणि माझंच छातीतलं.

पहाटे वही भरली. तारीख, घरट्याचा नंबर, अंडी.
शेवटचा रकाना : नुकसान कोणामुळे.
परवाची ओळ कोरीच राहिली होती.
मी लिहिलं, भटका कुत्रा.
मग बंदराकडचे कुत्रे आठवले, आणि लोकांच्या काठ्या,
ते खोडलं.
लिहिलं, उशीर.