चाळीस रुपये

ईदच्या आधीचे तीन दिवस
मोमीनपुऱ्याच्या तोंडाशी माझं चाक थांबत नाही.
सुरे येतात वर्तमानपत्रात गुंडाळून,
सत्तूर येतात गोणपाटात,
एखादी बाई नुसती विळीच घेऊन येते,
म्हणते, भाई, आमच्यात यंदा काही कापायचं नाही,
पण सणाची घरात धार असावी.

मी शिकलगार. अंगठ्याच्या नखावर पातं टेकवून सांगतो
कुठलं जनावराला त्रास देईल, कुठलं नाही.
बोथट सुरी म्हणजे गुनाह, अब्बा म्हणायचे,
ज्याचा जीव घ्यायचा
त्याला वाट पाहायला लावू नये.
बाकी मला फार कळत नाही.
स्वतःचा बकरा मी दारात कधी बांधला नाही,
पण पेठेतल्या शंभर कुर्बान्यांत
माझ्या दगडाचा थोडा थोडा भुगा आहे.
चंदन झिजतं त्याचं लोक कौतुक करतात, वास येतो म्हणून.
सहाणही झिजत असेल.
तिला कोण विचारतं.

मुश्ताक माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान.
अब्बांची बोटं चाकात गेली त्या साली
घरात एकाच्याच फीचे पैसे होते.
मी सातवीचं दप्तर त्याच्या खांद्याला अडकवलं,
आतली कंपासपेटी तेवढी काढून घेतली.
अजून आहे. तिच्यात स्क्रू ठेवतो.
तो महापालिकेत लागला, मग कोंढव्याला गेला,
आठव्या मजल्यावर, दाराला पितळी पाटी:
एम. ए. शिकलगार.
ज्याने पेन्सिललाही कधी
आपल्या हाताने टोक काढलं नाही.

दर बकरी ईदला तो सुरा घेऊन येतो.
दर वर्षी पैसे पुढे करतो.
दर वर्षी मी म्हणतो, "तुझ्याकडून घेऊ का?"
आणि तो गेला की मनातल्या वहीत
आणखी एक आकडा मांडतो.
एकतीस वर्षांची वही.

परवा मगरिबनंतर मौलाना सांगत होते
त्या बापाची गोष्ट, ज्याच्याकडे मागितलं गेलं
नेमकं तेच, जे सर्वांत प्यारं.
मी मागच्या सफेत गुडघा चोळत विचार करत होतो,
माझ्यापाशी असं काय आहे?
मुली सासरी. हमीदाला जाऊन तीन वर्षं झाली.
चाक म्हणावं, तर त्याचा पट्टा सारखा सुटतो.
मग एकदम दिसली,
दारात बांधलेली, गुबगुबीत,
माझ्या हातचं खाऊन वाढलेली,
माझ्या मागेमागे फिरणारी ती
तक्रार.
मुश्ताकवरची.
खरं सांगतो, डोळे भरून आले,
इतकी देखणी होती.

काल आला तो. तोच सुरा, लाकडी मुठीचा.
केस पिकलेत. लिफ्ट बंद आहे, दम लागतो म्हणाला.
मी धार लावली, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.
ठिणग्या त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाल्या,
तो हलला नाही.
सवयीने पाकीट काढलं त्याने,
आणि मी काय म्हणणार ते ठाऊक असल्यासारखं
परत खिशात ठेवायलाही लागला.

"चाळीस," मी म्हणालो.

तो बघत राहिला.
इतक्या वर्षांत मी त्याला
सगळ्यांचा भाव कधी सांगितला नव्हता.
पन्नासची नोट देता घेता
त्याचा हात थरथरला की माझा, सांगता येत नाही.
मग हसला,
पुढचा दात पडला होता तेव्हा हसायचा तसा,
आणि पायातली चप्पल काढून
फळीवर मांडी घालून बसला,
समोरच्या पोराला दोन चहा सांगून.

सगळी गेली असं नाही.
रात्री चाक पुसताना
कुठूनतरी बें ऐकू आलंच.
आणि वरचे दहा रुपये
मी त्याला परत दिले नाहीत.